निकोचा शेवटचा शो आणि आपण पाहिलेले मेटल शो : आठवणींचा धागा

बेस_रामबाग (इंदूर) · ८ डिसेंबर २०२४, रात्री १०:४०

आज सकाळी बातमी वाचली आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. ब्रिटिश मेटल बँड आयर्न मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन दौऱ्यांमधून निवृत्त झाला. साओ पावलोला त्याचा शेवटचा शो झाला. १९८२च्या डिसेंबरात तो आयर्न मेडनमध्ये आला, म्हणजे मोजून बेचाळीस वर्षं. गेल्या वर्षी जानेवारीत त्याला पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. त्यातून उठून तो पुन्हा ड्रम्सवर बसला आणि दौरे केले. ज्याने हातात कधी काठ्या धरल्यात त्यालाच कळेल याचा अर्थ काय.

आपल्याकडचे बरेच जण २००७ ते २०१२ या काळात मिळेल त्या गाडीनं मुंबई-बंगलोर-दिल्ली गाठून हे शो पाहून आले. त्या आठवणी इकडे-तिकडे विखुरल्यात. एका जागी याव्यात म्हणून हा धागा काढतोय. 'भारी झाला होता' एवढं लिहून थांबू नका. काय ऐकलं, काय दिसलं, परत आल्यावर काय बदललं ते लिहा.

सुरुवात मी करतो. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान. मेडनच्या त्या जगभराच्या दौऱ्याचा तो पहिलाच शो. बँड, मंडळी आणि बारा टन सामान एकाच बोईंग ७५७ विमानातून आलं होतं आणि विमान चालवायला खुद्द बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन. आम्ही पाच जण गुरुवारच्या अवंतिकानं निघालो. काळे टी-शर्ट सीतलामाता बाजारातून घेऊन स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून एडी, म्हणजे मेडनच्या अल्बमवरचा तो भुतासारखा चेहरा, छापून घेतला होता. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. रतलामला चटणी संपली, दशम्या मात्र परत येईपर्यंत पुरल्या.

शो सुरू व्हायच्या आधी स्पीकरवर यूएफओ नावाच्या बँडचं जुनं गाणं लागतं. ते लागलं की जाणकार पुढे सरकायला लागतात. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. शेजारच्या एका काकांनी, हो, पन्नाशीचे असतील, माझा दंड धरला आणि म्हणाले, "आता हलू नकोस, आता येतायत." मग स्पीकरवर चर्चिलचं ध्वनिमुद्रित भाषण, आणि त्यानंतर जे झालं ते आजही पोटात जाणवतं.

पण मला लिहायचंय ते मधल्या एका गाण्याबद्दल. कोलरिजच्या कवितेवरचं, १९८४च्या अल्बममधलं, तेरा मिनिटांचं. वीसेक वर्षांनी त्यांनी ते पुन्हा स्टेजवर आणलं होतं. मध्यावर सगळं थांबतं. जहाजाची लाकडं करकरतात, स्टेजवर धूर, अंधार, आणि त्या शांततेत फक्त मेडनच्या स्टीव्ह हॅरिसचा बेस गिटार. हजारो माणसं गप्प. मी तेव्हा तीन वर्षं बेस वाजवत होतो आणि आमच्या बँडमध्ये माझा बेस कुणालाच ऐकू यायचा नाही. मला स्वतःलासुद्धा नाही. त्या मैदानात पाऊणशे-शंभर मीटरवर उभा राहून मला हॅरिसच्या बोटाचं तारेवर आपटणंही ऐकू येत होतं. तार तारेसारखी वाजत होती, नुसता घुमारा नव्हता. तीन गिटारी, ड्रम्स आणि डिकिन्सनचा तो आवाज, आणि त्यातही प्रत्येक वाद्याला आपली जागा.

इंदूरला परतल्यावर पहिल्या रिहर्सलला मी म्हटलं, सगळ्यांनी आवाज निम्मा करा. भांडणं झाली. पण केला.

---

एकच_पेडल (इंदूर) · ८ डिसेंबर, रात्री ११:१५

भिया, भांडण माझ्याशीच झालं होतं, हे लिहायचं राहिलं तुझं.

मीही त्याच डब्यात होतो. मुंबईत निको मला नीट दिसलाच नाही. त्याचा ड्रम सेट एवढा मोठा आणि इतका उंच बांधलेला असतो की मधूनमधून पिंगट केस आणि एक काठी वर येते, बस्स. पण ऐकू मात्र सगळं आलं. तेव्हा इंदुरात आम्ही सगळे डबल पेडलच्या, म्हणजे मोठा ड्रम दोन्ही पायांनी वाजवायच्या जोडपेडलच्या, मागे लागलो होतो. ज्याच्याकडे डबल पेडल तो खरा मेटलवाला, असं होतं. आणि हा माणूस एका पायानं, एका पेडलवर, ते सगळं काढतो. घोड्याच्या टापांसारखी ती चाल आहे ना, तिच्याखाली त्याचा उजवा पाय हॅरिसच्या बोटांना धरून असतो. शोनंतर मी डबल पेडलसाठी साठवलेल्या पैशांतून चांगल्या प्रतीची हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटणारी झांजांची जोडी, घेतली. आजही तीच वाजवतो.

मघाशी माझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, कोण गेलं?" म्हटलं, गेलं कुणी नाही ग, एका माणसानं काम पूर्ण केलं.

आता दुसरी आठवण, आपल्या स्वतःच्या शोची. त्याच वर्षी एका कॉलेजच्या महोत्सवात आम्हाला चाळीस मिनिटं दिली होती. कॉलेजचं नाव घेत नाही. आमच्या आधी फॅशन शो लांबला, मग पाहुण्यांची भाषणं, आणि रात्री पावणेदहाला आम्हाला सांगितलं, दहाला माइक बंद, दोन गाणी करा. बेस_रामबाग, तुला आठवतंय का, तू काय केलंस? तू संयोजकांशी एक अक्षरही न बोलता आम्हाला म्हणालास, "लांबडं वाजवूया." दोन गाण्यांऐवजी एकच वाजवलं, पंधरा मिनिटांचं, आणि मधला शांत भाग पूर्ण घेतला. त्या शांत भागात मागच्या बाजूला बसलेले शिपाईसुद्धा उठून पुढे आले होते. मी ड्रम्सवरून पाहिलंय.

---

लष्करची_लेक (ग्वाल्हेर) · ९ डिसेंबर, सकाळी ७:५०

नमस्कार. तुमच्यासारखं मेडन मला पाहायला मिळालं नाही. माझी आठवण अर्धवट राहिलेल्या शोची आहे, पण इथे लिहावीशी वाटली.

२८ ऑक्टोबर २०११, शुक्रवार. मेटॅलिका, अमेरिकेचा मेटल बँड, भारतात पहिल्यांदा येणार होती, पहिला शो गुडगावला लेझर व्हॅलीत. त्या दिवशी भाऊबीज होती. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, चार पिढ्या तिथेच. भाऊबीजेला भाऊ-बहीण घरात नाहीत हे आजीला कसं सांगायचं, यावर आठ दिवस चर्चा चालली होती. शेवटी बाबाच आजीला म्हणाले, "दोघं बरोबरच आहेत ना? मग कुठेही ओवाळतील." आईनं छोट्या डबीत कुंकू, एक सुपारी आणि अंगठी दिली. पहाटेच्या गाडीनं दिल्ली, मग मेट्रोनं इफ्को चौक.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गर्दीच्या रेट्यानं पुढचं कुंपण तुटलं. तास दोन तास काहीच कळेना. मग जाहीर झालं की शो उद्यावर. लोक स्टेजवर चढले, सामान मोडलं. आणि उद्याचा शोसुद्धा झाला नाही. आम्ही दोघं कडेला एका झाडाखाली उभे होतो. भावानं माझी सॅक पोटाशी धरली होती, कारण त्यात कुंकवाची डबी होती. त्यानं वर्षभर शिकवण्या करून तिकिटांचे पैसे जमवले होते. तो रडला नाही. मला म्हणाला, "ताई, चल, उशीर होईल."

रात्री निजामुद्दीन स्टेशनवर, फलाटावरच्या बाकड्यावर, मी त्याला कुंकू लावलं आणि अंगठी-सुपारीनं ओवाळलं. त्यानं ओवाळणीत मला त्याचं न वापरलेलं तिकीट दिलं. ते अजून माझ्या तबल्याच्या पेटीत आहे.

माझे बाबा तबला शिकवायचे, मीही शिकवते. बेस_रामबाग, तुम्ही घोड्याच्या टापांच्या चालीबद्दल... नाही, ते एकच_पेडल यांनी लिहिलंय. ती चाल मी बाबांना एकदा ऐकवली होती. त्यांनी डोळे मिटून मांडीवर वाजवली आणि म्हणाले, "अगं, हे तर धाऽतिट धाऽतिट." एक लांब, दोन आखूड. मात्रेचे चार भाग केले तर पहिला भाग धा, दुसरा विश्रांती, मग ति, मग ट. मग म्हणाले, "हात सैल असल्याशिवाय हे इतका वेळ टिकायचं नाही. कोण आहे हा?" मी म्हटलं, हॅरिस, बोटांनी वाजवतो, पिक वापरत नाही. म्हणाले, "मग बरोबर आहे."

ग्वाल्हेरच्या माणसाकडून ही दाद होती. मला फार बरं वाटलं होतं.

---

मांडवी_दरवाजा (वडोदरा) · ९ डिसेंबर, दुपारी १:०५

लष्करची_लेक, तुमची पोस्ट ऑफिसात वाचली. थोडा वेळ खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

मी २००८ला मुंबईत होतो. आम्ही बडोद्याहून गुजरात मेलनं रात्री निघालो होतो. पण बेस_रामबाग यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. आवाज स्वच्छ होता हे मान्य करता येत नाही. मी बराच मागे, डाव्या बाजूला होतो. वारा आला की गिटार सोलो जायचा आणि मग एकदम परत यायचा. डिकिन्सनचे शब्द तर निम्मे गिळले जात होते. शो अविस्मरणीय होता यात शंका नाही. पण 'प्रत्येक वाद्याला जागा' हे मी जिथे उभा होतो तिथे खरं नव्हतं. आठवणी गोळा करायच्या तर त्या खऱ्या असाव्यात, म्हणून लिहिलं. राग मानू नये.

माझ्यासाठी मोठी रात्र वेगळीच. १७ मार्च २००७, बंगलोर, पॅलेस ग्राउंड्स. मेडन पहिल्यांदा भारतात. आधी दिल्लीचा परिक्रमा बँड वाजला. माझा मामेभाऊ तेव्हा बंगलोरला नोकरीला होता, म्हणून जाता आलं. आमच्या पिढीला एक गोष्ट आठवत असेल: नव्वदच्या दशकात हे बँड म्हणजे कॅसेट आणि रॉक स्ट्रीट जर्नल या मासिकाचे अंक. १९९३ला अलाहाबादहून अमित सैगल यांनी ते सुरू केलं. माझ्याकडे एका मित्राकडून फिरत फिरत आलेले अंक असायचे, कोपरे दुमडलेले. त्या कागदावरची माणसं समोर चालताना दिसली, एवढंच मला आठवतं. गाणी कोणती झाली तेही आता सांगता येणार नाही. हॅरिस स्टेजच्या कडेला एक पाय मॉनिटरवर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरवर, ठेवून, बेस बंदुकीसारखा गर्दीवर रोखून उभा राहिला, आणि माझा मामेभाऊ, जो कधी कुणासमोर भावना दाखवायचा नाही, माझ्या गळ्यात पडला.

---

कन्सोलमागचा (इंदूर) · ९ डिसेंबर, रात्री ९:३०

मंडळी, मी वादक नाही. तीस वर्षं साउंड करतोय. गणेशोत्सव, लग्नं, नाट्यगृह, आणि तुमच्यासारख्या पोरांचे शो. रामबाग आणि मांडवी, तुम्ही दोघंही खरं बोलताय.

मोकळ्या मैदानात आवाजाला वारा वाकवतो. उंच सूर आधी उडतात, खर्ज टिकतो. म्हणून मागे, कडेला उभ्या माणसाला सोलो जातो-येतो असं वाटतं. मैदान खोल असलं तर मध्ये डिले टॉवर लावतात, म्हणजे पुढच्या स्पीकरचा आवाज मागे पोचेपर्यंत तिथला स्पीकर तेवढा थांबून वाजतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरला जवळजवळ तीनशे मिलिसेकंद. हे जुळलं नाही तर प्रत्येक टाळी दोनदा ऐकू येते. आणि कन्सोल, म्हणजे आवाज जुळवायचं टेबल, ज्या रेषेत असतो त्या रेषेत उभ्या माणसाला सगळ्यात खरं ऐकू येतं, कारण मिक्स करणारा तेच ऐकत असतो. रामबाग बहुधा त्याच रेषेत असणार.

आता तुमच्या इंदुरी मेटलबद्दल. त्या काळी तुम्ही सगळे गिटारवाले पेडलवर मिड, म्हणजे मधले सूर, पूर्ण खाली, बेस आणि ट्रेबल पूर्ण वर ठेवून यायचात. खोलीत एकट्यानं वाजवताना ते भारी वाटतं. स्टेजवर खर्ज बेस आणि किक ड्रम खातात, वरचं सगळं झांजा खातात, आणि गिटार राहते कुठे? गिटार मिडमध्येच राहते. ती तुम्ही स्वतःच्या हातानं काढून टाकलेली. मग गिटार ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा, मग गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईना, मग मॉनिटर वाढवायचा, आणि मग शिट्टी. मी ओरडून ओरडून सांगायचो. २००८च्या उन्हाळ्यात ही पाच पोरं आली आणि म्हणाली, "काका, आवाज कमी ठेवा, बेस पुढे आणा, गिटारचे मिड आम्हीच वाढवलेत." मला खरंच भरून आलं होतं. त्या दिवशी रेकॉर्डिंग केलं होतं मी, कन्सोलवरून थेट. शोधतो.

---

बेस_रामबाग · ९ डिसेंबर, रात्री १०:०२

काका! तुम्ही इथे आहात हे माहीतच नव्हतं. नमस्कार करतो.

मांडवी_दरवाजा, राग कसला, तुम्ही लिहिलंत ते बरंच झालं. मी खरंच कन्सोलच्या पुढेच होतो. म्हणजे मला जे ऐकू आलं ते जागेचं दान होतं, हे मला सोळा वर्षांनी कळतंय. आमच्या ग्रुपमधला एक जण पाणी आणायला मागे गेला होता, तोही म्हणाला होता की मागे काही कळत नाही. मी तेव्हा त्याचं मनावर घेतलं नव्हतं.

लष्करची_लेक, तुमच्या बाबांचं धाऽतिट मी आज संध्याकाळी बेसवर म्हणत म्हणत वाजवलं. तोंडानं बोल म्हटला की बोट आपोआप सैल राहतं. हे मला कुठल्याच व्हिडिओनं शिकवलं नव्हतं.

---

पलासिया_९९ (इंदूर) · ९ डिसेंबर, रात्री ११:२०

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा बराच लहान आहे, कॉलेजात गिटार वाजवतो. मेडन २००९च्या फेब्रुवारीत बंगलोरला वाजवून गेले त्यानंतर आलेच नाहीत, तेव्हा मी दुसरीत होतो. आम्हाला दिल्लीचा मेटल बँड ब्लडीवूड २०१९ला जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवताना फोनवर पाहूनच नाद लागला. इंदूरचं म्हणाल तर निकोटीन बँडवाले २००६पासूनचे आहेत हे ऐकून होतो, पण त्या वेळी शहरात आणखी किती जण काय काय करत होते हे कुणी सांगितलंच नव्हतं.

एकच प्रश्न आहे. एवढ्या लांब जाऊन एकदाच पाहिलं, ते पुरलं का? आम्ही तर रोज पाहतो.

---

एकच_पेडल · १० डिसेंबर, सकाळी ६:४०

पलासिया, पुरलं का हे नाही सांगता येणार. पण एक सांगतो. मुंबईहून परतताना सकाळी उज्जैन सोडल्यावर आम्ही पाचही जण जागे होतो आणि कुणी बोलत नव्हतं. कानात अजून शिट्टी वाजत होती. समोरच्या बाकावर एक आजी होत्या. त्यांनी विचारलं, "कुठे गेला होतात रे, लग्नाला?" आमचा गिटारवाला म्हणाला, "हो आजी." त्यांनी पिशवीतून बेसनाचे लाडू काढून दिले. गाडी इंदूरला लागली, आम्ही तसेच छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत गेलो, पोहे खाल्ले, आणि घरी न जाता थेट रिहर्सलच्या खोलीवर. टी-शर्ट तेच, धूळ तीच. दुपारपर्यंत वाजवलं. माझ्या त्या दिवशीच्या हाताला जी चाल सापडली ती अजून सापडलेलीच आहे.

---

लष्करची_लेक · १० डिसेंबर, सकाळी ९:१५

बेस_रामबाग, बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. तुमची ओळ आईला वाचून दाखवली. तिनं विचारलं, "कोण हे? इंदूरचे का?" एवढंच. मग बराच वेळ तबल्याच्या पेटीवरून हात फिरवत बसली.

गुडगावनंतर पुढच्या वर्षी माझ्या भावाला बंगलोरला नोकरी लागली आणि १३ ऑक्टोबर २०१२ला त्यानं स्लेयर बँड पाहिला. त्यांचा गिटारवादक जेफ हॅनमन आजारी होता, त्याच्या जागी गॅरी होल्ट वाजवायला होता. भावानं शो चालू असताना मला फोन लावून फोन हवेत धरला होता. मला नुसती घरघर ऐकू आली. मी बावीस मिनिटं कानाला लावून बसले.

---

मांडवी_दरवाजा · १० डिसेंबर, दुपारी २:३०

ताई, ती घरघर कुठल्याही रेकॉर्डिंगपेक्षा खरी.

मामेभावाला हा धागा पाठवलाय. तो आता नाशिकला असतो. त्याचं उत्तर आलं: "पाय मॉनिटरवर होता तो डावा होता." माझ्या डोळ्यांसमोर उजवा आहे. आता जुने फोटो शोधतो.

---

कन्सोलमागचा · १० डिसेंबर, रात्री १०:५०

सापडलं. माळ्यावरच्या खोक्यात मिनीडिस्क होती. यंत्र मुलानं कुठून तरी आणून दिलं. वर चढवलंय, तुम्हा सगळ्यांना ऐकू येईल. १९ मिनिटं आहे. चौथ्या मिनिटाला आवाज जातो, तो जनरेटर बदलताना गेलाय, वायर सुटलेली नाही. नवव्या मिनिटापासून मधला शांत भाग आहे. तिथे हेडफोन लावा आणि आवाज वाढवू नका. बेस ऐकू येतो.

---

बेस_रामबाग · १० डिसेंबर, रात्री ११:३६

ऐकलं. नवव्या मिनिटाच्या थोडं पुढे मागे कुणीतरी खोकतं, आणि लगेच कुणीतरी त्याला "श्श" करतं. काका, तो "श्श" तुमचा आहे ना?

---

कन्सोलमागचा · १० डिसेंबर, रात्री ११:४१

माझाच.